हनोईतला अबोला

शनिवार, ९ ऑगस्ट. निफाड

बॅग भरून झाली. रागारागात भरली, म्हणून दोनदा उपसली आणि परत भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, मूगडाळ, तांदूळ, फोडणीचं साहित्य आणि स्नेहाचा हॉस्टेलवरचा छोटा विजेचा कुकर. श्रावण चालू आहे. त्या देशात लोक काय काय खातात ते मी ऐकून आहे.

ही डायरीही स्नेहानेच आणली, राखीला पुण्याहून येताना. "मम्मी, पहिला परदेश आहे तुझा, रोज लिही." मी लेकीला म्हटलं, बाई गं, मला आत्ता परदेश नको, विमान नको, काही नको. तर म्हणाली, "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत." झालं, विषय संपला.

खरं तर ही सगळी हौस मोहिनीची. मोहिनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीपकभाऊजींची बायको. मार्चमध्ये द्राक्षाची बाग खाली झाली तेव्हा तीच मागे लागली होती, "ताई, आपण दोघीच जाऊ. हनोई लय स्वस्तात होतं." मीही हो म्हटलं. स्नेहाने ऑफरमधली तिकिटं काढली, सगळ्यात स्वस्त हॉटेलात एक खोली घेतली. खोलीत पलंग एकच. तेव्हा त्यात काही अडचण नव्हती.

आता आहे. मागच्या महिन्यात सगळे जेवायला बसलेले असताना भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "दादा, मळा एकत्रच राहू दे. पण चूल वेगळी करू म्हणतो, मागच्या खोलीत, गणपतीच्या आधी." आमचे हे घास हातात घेऊन नुसते बघत राहिले. हे काही बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मीच बोलले. "कोणी कान भरले तुमचे?" मोहिनी भरल्या ताटावरून उठली. त्या दिवसापासून आमच्या दोघींचा अबोला आहे.

एका घरात राहून अबोला धरणं काही सोपं नसतं. मी ह्यांना म्हणते, "त्यांना सांगा, दूध उतू जातंय." ती मांजराला म्हणते, "दिसतंय गं बाई मला." मांजर बिचारं घाबरून गेलंय.

तसा माझा तिच्यावर राग नाही. भाऊजींना कोणीतरी भरीला घातलंय आणि ही नवऱ्यापुढे गप्प आहे, एवढं न कळायला मी काही दूधखुळी नाही. माझ्या हाताखाली तयार झालेली पोर आहे ती. लग्न होऊन आली तेव्हा मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून आलेली, भाकरी थापता येत नव्हती. आता आठवडाभर दोघीच असू. तिने तोंड उघडलं की मी तिला नीट समजावणार, मग ती भाऊजींना समजावेल. चूल फुटली म्हणजे घर फुटलं. ते मी होऊ देणार नाही.

फक्त आधी बोलायला तिने हवं. मी मोठी आहे.

हे म्हणतात, "भांडायचं तर तिकडं जाऊन भांडा, पण तिकीट वाया घालू नका." ह्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची!

सोमवार, ११ ऑगस्ट. हनोई

पोचलो. पाय सुजले, डोकं भणभणतंय.

विमानात ती आधी आत शिरली आणि मुद्दाम मधल्या सीटवर बसली. म्हणजे खिडकी मला घ्यावी लागली. रात्रभर बाहेर काळोख, त्यात बघणार काय? मानेला मात्र वारा लागला.

सिमकार्ड एकच घेतलं, मोहिनीच्या फोनसाठी. ही स्नेहाची काटकसर. "दोघी बरोबरच असणार ना?" हो, बरोबरच आहोत. ती फोन धरून पुढे चालते आणि मी बॅग ओढत मागे. निफाडच्या बाजारात ही माझ्या मागे पिशवी धरून चालते. इथे आली आणि कानामागून येऊन तिखट झाली.

टॅक्सी परवडत नाही म्हणून बसने आलो. बसमध्ये कोणाला काही विचारावं तर सगळे हसून मान हलवतात. मान हलवतात म्हणजे हो की नाही, देव जाणे. हॉटेल एवढं अरुंद की दोन बॅगा एकदम दारातून जात नाहीत. लिफ्ट नाही आणि आमची खोली पार वर. शिवाय खोली दुपारशिवाय मिळणार नाही म्हणे. तोवर फुटपाथवर लहान पोरांच्या असतात तशा प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून राहिलो. घाम नुसता निथळत होता. समोरून स्कूटर, मागून स्कूटर, फुटपाथवरही स्कूटर. ऑगस्टची तिकिटं स्वस्त का होती ते आता कळलं.

काउंटरवर लान नावाची मुलगी असते. तिला मी मराठीतच म्हटलं, "ह्या बाईंना सांग, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये ठेवायला द्या." ती हसली. मोहिनीनेही तिलाच सांगितलं, "माझा पासपोर्ट माझ्याकडेच राहील म्हणावं." लान पुन्हा हसली आणि दोघींना गार पाण्याची एकेक बाटली दिली.

पलंगावर मध्ये उशी ठेवली आहे. कोणी ठेवली ते लिहीत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज अंगारकी. परदेशात उपास करायचा म्हणजे परीक्षाच. बरोबरचे राजगिऱ्याचे लाडू खाल्ले.

सकाळी तळ्याकडे गेलो. तळं चांगलं आहे, मध्ये लाल पूल आहे, देऊळही आहे. पण नीट बघू कोण देतंय? ही सारखी फोटो काढत होती. माझे नाही, चहाच्या कपांचे, विजेच्या तारांचे, रस्त्यावर केळी विकणाऱ्या बाईचे. नंतर एका कॉफीच्या दुकानात शिरली. मेनूकार्ड हातात आलं की ही दहावीचा पेपर आल्यासारखी वाचते. एकेका चित्रावर बोट ठेवायचं, पुढे जायचं, परत मागे यायचं. पोरगा उभा राहून कंटाळला. शेवटी नारळाची कॉफी मागवली आणि ती इतकी हळूहळू प्यायली की मला उठून जावंसं वाटलं. घरी एवढा वेळ लागत नाही हिला. घरी मी कपात ओतते, ती पिते. मी माझ्यापुरता चहा सांगितला, तोही बर्फ घालून आला.

संध्याकाळी चंद्रोदयाचा घोळ. स्नेहाला हॉटेलच्या वायफायवरून विचारलं तर तिने नाशिकची वेळ सांगितली. आता नाशिकचा चंद्र मला इथे काय कामाचा? हॉटेलच्या गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या, त्यांच्या मधून वाकून वाकून बघत बसले. थोड्या वेळाने मोहिनी वर आली. काही न बोलता तिने फोन कठड्यावर ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिली. फोनवर हनोईची चंद्रोदयाची वेळ मोठ्या अक्षरात होती. आपल्याला इंटरनेट येतं हे दाखवायचं होतं तिला, दुसरं काय!

ढग होते. चंद्र दिसला नाही. वेळ झाल्यावर त्या दिशेला हात जोडले आणि खाली येऊन दशमी खाल्ली. तिने माझ्यानंतर खाल्ली.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज फजिती झाली.

तीन दिवस सुकं खाऊन जीव विटला होता. म्हटलं, खोलीत खिचडी लावू. दार लावलं, कुकरमध्ये तेल टाकलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची. खोलीला खिडकी आहे पण ती समोरच्या भिंतीवर उघडते. फोडणीचा खकाणा उठला, सगळा जिन्यात गेला आणि खालून वरून लोक खोकत बाहेर आले. एक गोरा माणूस तर टॉवेलवर धावला. लान पळत पळत वर आली. आधी तिने कुकर बघितला, मग मला. मग फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोन चक्क मराठीत म्हणाला, "आदरणीय काकू, खोलीत अग्नी करू नये."

काकू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोहिनीने हात जोडून सॉरी सॉरी केलं. शेवटी लानच कुकरमध्ये डोकावली आणि पोटावर हात फिरवला. पोर उपाशी होती की काय कोण जाणे. मी तिला वाटीभर खिचडी दिली. फुंकर घालून घालून खाल्ली तिने आणि वर अंगठा दाखवला.

मग मोहिनीसाठी ताटलीत वाढली आणि ताटली पलंगाच्या तिच्या बाजूला ठेवली. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "मी बाहेर खाऊन येईन." आणि गेली. एकटी. चप्पल घातली, पर्स घेतली आणि गेली. घरात आल्यापासून माझ्या हातचं अन्न तिने कधी नाकारलं नव्हतं. आजारी असली तरी दोन घास खायची. तासाभराने परत आली ती गाणं गुणगुणत आणि ओठाला कसलासा सॉस लागलेला.

खिचडी उरली. माझी खिचडी कधी उरत नाही.

दुसरी पंचाईत ही की लानच्या फोनला मराठी कळतं. आता तिच्या आडून बोलायचीही सोय राहिली नाही. ही पोर सगळं ऐकेल आणि सगळं समजेल. घरी मांजर तरी होतं. एवढे दिवस फुकट गेले, ही काही बोलत नाही आणि मी बोलणार नाही. उद्या काहीतरी करायला हवं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी मोठ्या बाजाराकडे निघालो. मोहिनी फोन धरून पुढे, मी मागे. एका रुंद रस्त्यापाशी आलो. सिग्नल नाही, पोलीस नाही, स्कूटरींचा नुसता लोंढा. लहान रस्ते मी आत्तापर्यंत तिच्या सावलीला चिकटून ओलांडले होते. हिने ह्या रस्त्यातही सरळ पाय टाकला आणि हळूहळू चालायला लागली. स्कूटरी तिच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. मीही पाय टाकला. एक स्कूटर इतकी जवळून गेली की माझी ओढणी उडाली. मी मागे आले. पुन्हा पुढे गेले, पुन्हा मागे आले. तोवर ती मधोमध पोचली होती.

तोंडापर्यंत आलं होतं, "मोहिनी, थांब." दोन शब्द. मी गिळले. म्हटलं, बघेल की मागे वळून. मी का आधी हाक मारू?

तिने मागे बघितलंच नाही. मध्ये बस आली. बस गेली तेव्हा तिचा जांभळा कुर्ता कुठेच नव्हता.

मी उभी राहिले. ती येईल म्हणून बराच वेळ उभी राहिले. मग वाटलं, पलीकडे वाट बघत असेल. एका म्हातारबाबांच्या मागून कसाबसा रस्ता ओलांडला. पलीकडेही नाही. इकडे बघ, तिकडे बघ करत किती गल्ल्या फिरले कोण जाणे. इथल्या गल्ल्या तरी कशा! एका गल्लीत नुसते पत्र्याचे डबे, दुसरीत नुसत्या खेळण्यातल्या नोटा, तिसरीत नुसते बांबू. फोनमध्ये सिम नाही. हॉटेलचं नाव आठवेना. त्यात "हनोई" होतं एवढं आठवलं, पण ते तर इथे प्रत्येक पाटीवर आहे. लोकांना थांबवून "हॉटेल, हॉटेल" म्हणत होते, ते समोरच्या कुठल्याही हॉटेलकडे बोट दाखवत होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तसं झालं. ज्या पोरीच्या भरवशावर परदेशात आले ती मला रस्त्यात सोडून गेली.

बांबूच्या दुकानातल्या एका म्हातारीने मला बसायला स्टूल दिलं. मी बसले आणि रडले. लिहायला लाज वाटते, पण हमसून हमसून रडले. तिला मराठीतच सगळं सांगितलं. म्हटलं, मावशी, माझी जाऊ हरवली हो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पंखा माझ्याकडे वळवला.

दुपार उलटून गेली. म्हातारीने मला तिच्यातला भात दिला, तो मी घेतला नाही. आणि मग गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. "उज्वलाताऽऽई! ओ उज्वलाताऽऽई!" मळ्यातून घराकडे हाक मारतात तसा. सगळी गल्ली बघायला लागली. मोहिनीच. केस सुटलेले, एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती चप्पल हातात. मला बघितलं आणि धावत येऊन दंड असा धरला की वळ उठले आहेत.

"हाक मारायला काय झालं होतं तुम्हाला?" ती ओरडली.

"तू मागे का बघितलं नाहीस?"

"इथं रस्त्यात मागं बघायचं नसतं ताई! थांबलं की घोटाळा होतो, सगळे व्हिडिओत हेच सांगतात. मला वाटलं तुम्ही आहात बरोबर. नेहमी असता ना."

"मी पुढे असते," मी म्हटलं. "मागे तू असतेस."

तिने हातातल्या चपलेकडे बघितलं. मग म्हणाली, "हो ना."

हॉटेलकडे येताना तिने माझा हात सोडला नाही. रस्ता आला की मला आतल्या बाजूला घ्यायची. मला इतकं बरं वाटत होतं की सगळा राग गेला. म्हटलं, देवच पावला, अबोला सुटला, आता हीच वेळ आहे. मी तिला म्हटलं, "हे बघ, भाऊजींना घाबरू नकोस. मी आहे. घरी गेल्यावर त्यांना स्पष्ट सांग, चूल वेगळी करायचं खूळ डोक्यातून काढा म्हणून."

ती चालता चालता थांबली.

"ताई, त्यांना मीच सांगितलं."

"काय?"

"वेगळ्या चुलीचं. ते तर नकोच म्हणत होते. दादाला काय वाटेल, वहिनीला काय वाटेल. वर्षभर मी मागे लागले त्यांच्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी विचारलं, "मी काय कमी केलं तुला?"

"काहीच नाही."

"मग?"

"मला सकाळी उठून ठरवायचंय, आज काय करायचं ते. बास."

"म्हणजे भाजी कुठली करायची, एवढ्यासाठी तू घर मोडतेस?"

"हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने मान खाली घातली नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज खोलीतच राहिले. ती तीनदा बोलली. "ताई, चहा?" "ताई, बाहेर येता का, आज ऊन कमी आहे." "ताई, डोकं दुखतंय का?" मी उत्तर दिलं नाही.

एवढे दिवस वाटत होतं, तिने एकदा तोंड उघडलं की सगळं नीट होईल. तिने तोंड उघडलं आणि सगळं गेलं. अबोलाच बरा होता. तेव्हा निदान ती माझ्या बाजूची होती.

काय नाही केलं मी हिचं? हिच्या दोन्ही बाळंतपणात हिची आई दम्याने आजारी, तर डिंकाचे लाडू मी केले, न्हाऊमाखू मी घातलं. पोराला ताप आला की रात्र रात्र मी बसले. सणाला हिच्या साडीचा रंग मी निवडायचे, कारण हिला रंगांचं कळत नाही. आणि ही वर्षभर नवऱ्याच्या मागे लागून माझ्यापासून सुटायचं बघत होती! संताप होतो नुसता. आणि संताप संपला की छातीत काहीतरी रिकामं होतं, ते जास्त वाईट.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज मोठेपणा बाजूला ठेवला. गरजवंताला अक्कल नसते.

लानने एका शाकाहारी खाणावळीचा पत्ता दिला होता, तिथे गेलो. बुद्धाची तसबीर, त्यापुढे फळं, सगळं स्वच्छ. मोहिनीने पुन्हा मेनूकार्डाचा अभ्यास केला आणि दोघींसाठी मागवलं. मी मनात जुळवून ठेवलं होतं, ते बोलले. "हे बघ, चूल एकच ठेवू. महिन्यातले पंधरा दिवस तू ठरव, पंधरा दिवस मी. तू म्हणशील ते होईल, मी मध्ये बोलणार नाही."

मला वाटलं होतं, ती रडेल, माझा हात धरेल. ती हसायलाच लागली.

"ताई, आत्ता मी ऑर्डर दिली. त्यानंतर तुम्ही त्या पोराला खुणा करून करून सांगितलंत, तिखट नको. माझ्या ताटातही नको म्हणालात."

"तुला तिखट सोसत नाही म्हणून."

"कोणी सांगितलं?"

मी आठवून बघितलं. कोणी सांगितलं ते आठवलं नाही. सोसत नाही एवढं मला पक्कं माहीत आहे. घरात आमटीत तिखट मीच बेताचं घालते, ते तिच्यामुळे.

"तुम्ही वाईट आहात म्हणून नाही ताई," ती म्हणाली. "आईसारखं केलंत तुम्ही माझं. पण आईकडून पण पोरगी एक दिवस निघतेच ना?"

"ती लग्न करून जाते. तू मागच्या खोलीत जाणार."

"हो. जवळच आहे."

तेवढ्यात जेवण आलं. तिने टेबलावरच्या वाटीतली लाल मिरची चमच्याने घेतली आणि माझ्यादेखत भातात कालवली. घाम आला तिला, नाक लाल झालं, पण सगळं संपवलं. मी माझं अळणी जेवले.

हरले मी. एवढ्या लांब येऊन, पाय सुजवून, रस्त्यात हरवून, शेवटी हे. तिकिटाचे पैसे वाया गेले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १७ ऑगस्ट. विमानतळ

विमान उशिरा आहे. बाकडी लोखंडी, पाठ आखडली. लानने निघताना मला मिठी मारली आणि फोनमधून म्हणाली, "काकू, तुमची बहीण दोन वेळा येऊन रडत विचारत होती, तुम्ही परत आलात का." गुरुवारचं असणार. ती माझी बहीण नाही, जाऊ आहे, असं मी तिला सांगणार होते. पण जाऊला त्यांच्या भाषेत काय म्हणतात हे त्या फोनला ठाऊक नसेल, म्हणून राहू दिलं.

मोहिनी शेजारी झोपली आहे. तिची पर्स माझ्या मांडीवर आहे. उद्या ह्यांना काय सांगू?

सोमवार, २५ ऑगस्ट. निफाड

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग करू दे की येगळी चूल. जीव देतीस काय आता?" पुरुषांना सगळं सोपं.

परवा गणपती, म्हणून आज सकाळी नवी चूल मांडली. मागची खोली, जिथे औषधाचे डबे आणि ठिबकच्या नळ्या पडलेल्या असायच्या, ती भाऊजींनी रंगवून घेतली. नवी शेगडी, नवा ओटा. दूध उतू घालायला सगळ्यांना बोलावलं होतं. मी दारात उभी राहिले. पातेलं फार लहान घेतलं होतं तिने. मी सांगणार होते, पण कोणी विचारलं नव्हतं. दूध छान उतू गेलं. सगळ्यांनी साखर खाल्ली. मग मी आमच्या स्वयंपाकघरात आले आणि सवयीने कणीक भिजवली ती सगळ्यांच्या अंदाजाने. निम्मी फ्रिजमध्ये ठेवली. ओट्यापाशी बसून थोडं रडून घेतलं.

दुपारी मागच्या दाराने मोहिनी आली. हातात झाकलेली वाटी. "ताई, आमटी." आणि वाटी ठेवून लगेच गेली, तिच्या पोळ्या व्हायच्या होत्या.

वाटी! वाटी शेजारणीकडे जाते. आमच्या घरात आजवर वाटी इकडची तिकडे गेली नव्हती, जायचं कारणच नव्हतं. म्हणजे आता मी शेजारीण. मला इतका राग आला की तासभर झाकण काढलं नाही. मग हे जेवायला बसले तेव्हा काढलं. लालभडक आमटी, वर तेलाचा तवंग. एक घोट घेतला आणि ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानेच. ह्यांनी बोटाने पुसून वाटी संपवली.

"बरी झालीय?" मी विचारलं.

"लय भारी झालीय. मोहिनीच्या हाताला अशी चव हाय, माहीतच नव्हतं."

वाटी घासली. रिकामी वाटी परत देऊ नये, त्यात काहीतरी घालून द्यायचं, ही आपली रीत. मी मांडणीपाशी उभी राहिले. डब्यात बेसनाचे लाडू होते, शंकरपाळी होती, कैरीचं लोणचं होतं, गूळपापडी होती. एकेक डबा उघडला आणि ठेवला. मोहिनीला ह्यातलं काय आवडतं? लाडू मी देते तेव्हा ती घेते. लोणचं मी वाढते तेव्हा खाते. नको कधी म्हणत नाही. पण आवडतं काय?

ह्यांना विचारलं, "अहो, मोहिनीला खायला काय आवडतं?"

"मला काय ठाऊक? समदं तर तूच बघतीस."

स्नेहाला फोन केला. ती म्हणाली, "काकूला? मम्मी, तुलाच माहीत असणार ना."

शेवटी रिकामीच वाटी घेतली आणि मागच्या दाराशी गेले. मोहिनी ओटा पुसत होती. माझ्या हातातली वाटी बघून जरा चपापली.

"रिकामी घेऊन आले," मी म्हटलं. "मोहिनी, तुला काय आवडतं गं खायला?"

तिने फडकं ठेवलं. पदराला हात पुसले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांबा ताई," ती म्हणाली, "जरा विचार करून सांगते."

मी उंबऱ्याच्या बाहेरच पायरीवर बसले.